आमची वाटचाल : भंगारात गेलेला ठोकळा

हे गेले तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलची एक अख्खी भिंत त्यांच्या सामानानं भरलेली होती. रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर, त्याच्या आधी जोडायचा, अमेरिकेहून आणलेला प्रीॲम्प, एलएस३/५ए नावाच्या छोट्या स्पीकरची जोडी. ऐकायचे ते, धूळ मी पुसायची. कुठली वायर कुठे जाते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

वर्षश्राद्धानंतर विकायचं ठरलं. आवरताना दिवाणाखाली लोखंडाचा एक जड ठोकळा निघाला. भंगारवाल्यानं तो वजनावर नेला. चार दिवसांनी प्रीॲम्प बघायला गिऱ्हाईक आलं. पुतण्यानं पिन बदलून तो सरळ भिंतीच्या प्लगला लावला आणि मिनिटभरात जळका वास सुटला. तो ठोकळा म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची (बोलण्यात ११०च म्हणतात), आपली २३०ची. ह्यांनी प्रीॲम्पच्या मागे चिठ्ठी डकवली होती, पण इथल्या उन्हाळ्यात डिंक सुकून ती गळून पडली होती. कपाटामागे झाडताना सापडली. त्यांचं बारीक अक्षर : "११०. ठोकळ्याशिवाय लावू नये." ती हातात घेऊन मी किती वेळ बसले होते, आठवत नाही.

नव्या पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी प्रीॲम्प उघडला. म्हणाले, "वहिनी, याच्या आतला ट्रान्सफॉर्मर गेलाय. तो गुंडाळून देतो. बाकी जीव आहे." रोज दुपारी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. सिरीज बोर्ड तिथेच शिकले. प्लग आणि सेट यांच्या मध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब घालायचा. सेट लावल्यावर तो भडकून तसाच राहिला, तर आत शॉर्ट. भडकून मंद झाला, तर पुढे जायचं. बरीच वर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पूर्ण वीज द्यायची नाही. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, म्हणून व्हेरिॲकनं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रानं, व्होल्टेज हळूहळू चढवायचं. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालवायचा नाही.

दरम्यान बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं सगळ्या सामानाचे मिळून चाळीस हजार सांगितले होते. वर म्हणाला, "जुनं आहे, कोण घेतंय ताई?" मला त्याचा आजही राग येतो. ते छोटे स्पीकर बीबीसीनं १९७०च्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेल्या नमुन्याचे. कारखान्यातच मोजून जोडी लावलेले. पुण्याच्या गिऱ्हाइकानं आधी दोन्हींचे नंबर विचारले. नंबर जुळले, काकांनी तपासून दिले, आणि त्या एका जोडीलाच चाळीस हजारांच्या दुप्पट पैसे आले.

हे कळल्यावर होटगी रोडच्या एक बाई आल्या, मग बार्शीचं एक कुटुंब. आता आम्ही तिघं आहोत : काका, पुतण्या आणि मी. माल आम्ही विकत घेत नाही. तपासतो, लागेल तेवढं दुरुस्त करतो, घरच्यांसमोर वाजवतो, मग भाव सांगतो. विकल्यावर ठरलेला हिस्सा घेतो. भाव पाडून बोलत नाही. घरच्यांना एकच विनंती असते, आम्ही येईपर्यंत वायर, खोकं, बिल, ठोकळा, काहीही टाकू नका.

पॅकिंग पुतण्याकडे आहे. सुरुवातीला एक रेकॉर्ड प्लेअर वाटेत मोडला, कारण वरची थाळी आम्ही काढलीच नव्हती. आता थाळी वेगळी, आर्म बांधलेला, त्याचं मागचं वजन काढलेलं, सुईला टोपी. खोक्यात चारी बाजूंनी जुन्या सोलापुरी चादरी ठासतो. आतला सेट तसूभर हलत नाही. फोमच्या कडांचे स्पीकर मात्र पाठवण्याआधी उघडून बघावेच लागतात. बोट लावलं की कडेचा भुगा होतो, मग नवी कडा चिकटवायची.

प्रीॲम्प मी विकला नाही. घरचे त्यांचा सेट ऐकायला येतात तेव्हा तोच जोडतो, नव्या ठोकळ्यासकट. आमच्याकडे ११०चा कुठलाही सेट आला की त्याच्या वायरीला चादरीच्या कापडाची पट्टी मी स्वतः शिवते आणि तिच्यावर ह्यांचंच वाक्य लिहिते. डिंक लावत नाही.