उतरंडीखालचे सदतीस रुपये

आमचं रोजचं काम जमिनीखालचं शोधण्याचं. पुण्यात कुठे खोदाई सुरू व्हायच्या आधी विजेची केबल कुठून गेली आहे, पाण्याची लाइन किती खोल आहे, हे यंत्राने बघायचं आणि रस्त्यावर रंगाने खुणा करून द्यायच्या. अकरा वर्षं हेच करतोय. त्याच नादात जुन्या नाण्यांची गोडी लागली आणि स्वतःचा एक मेटल डिटेक्टर घेतला. म्हणून वाई तालुक्यातल्या एका पडक्या वाड्याचं काम ऑफिसकडे आलं, तेव्हा साहेबांनी ते माझ्याकडे सोपवलं. वाडा पाडून नवं बांधकाम होणार होतं. जेसीबी यायच्या आधी जोत्याखाली काय काय आहे ते बघून द्यायचं होतं.

फोनवर त्या घरातले थोरले काका आधी पाइपलाइनचं बोलले. मग आवाज खाली आला. ‘हंडा हाय आमच्यात. पेशवाईतला. आज्याच्या आज्यानं पुरलेला.’

असे हंडे मी पुष्कळ ऐकलेत. आदल्याच वर्षी या घरात कुणी देवऋषी आणला होता. त्याने एक बोकड आणि बरेच पैसे घेतले आणि देवघराची फरशी उखडून ठेवली. गुप्तधनाच्या नावाखालचे अघोरी प्रकार २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहेत, पण लोक पोलिसांकडे जात नाहीत. लाजतात. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे, कारण घरातल्या भांडणांना त्या खड्ड्यांनीच खतपाणी मिळतं. इथेही चार चुलत भाऊ होते आणि एकमेकांशी धड बोलत नव्हते.

मी जायच्या आधी एक अट लिहून घेतली. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, किती, कुठे आणि कधी. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौघांनी सह्या केल्या. धाकट्यांनी जरा नाखुशीनेच केली.

वैशाखातली सकाळ होती. सात वाजताच डोकं तापत होतं. वाड्याचं छप्पर केव्हाच गेलेलं, भिंती कमरेएवढ्या उरलेल्या. आत्या तेवढ्या आधीच येऊन बसल्या होत्या, निंबाखाली घोंगडीवर. चौघांच्या वडिलांची ही बहीण, वय चौऱ्याऐंशी. वाडा पाडायच्या आधी एकदा बघायचा म्हणून सासरहून आल्या होत्या. सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं, मीही म्हणालो.

डिटेक्टरविषयी लोकांची समजूत असते की तो सोनं दाखवतो. तसं नाही. खालच्या चकतीतली तार जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात, आणि ते किती उशिराने परत जाणवतात त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. लोखंडाचा आवाज जाड, तुटक. तांब्या-चांदीचा बारीक आणि स्वच्छ. पण मोठं लोखंड, म्हणजे बैलाचा नाल किंवा फाळाचा तुकडा, कधी कधी चांदीसारखा गातो. त्यात आपल्या काळ्या कातळाच्या मातीत मुळातच चुंबकी खनिज असतं, त्यामुळे आधी यंत्राला ती माती ‘ओळखीची’ करून द्यावी लागते. हे न करता फिरणारा माणूस दिवसभर दगड खणतो.

जागेवर सुतळीने चौकोन आखले आणि एकेक चौकोन उभा-आडवा फिरवत गेलो. देवघरात खिळे. ओटीवर खिळे, एक पितळी कुलूप, अडकित्त्याचं अर्धं पातं. चौकात मात्र मजा होती: भोकाचे पैसे सापडले, तब्बल सहा. महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून काढलेला हा पैसा. एक दाखवताच आत्या निंबाखालून म्हणाल्या, ‘करगोट्यात ओवायचो आम्ही.’

दहाच्या सुमारास मागच्या पडक्या भिंतीच्या मातीत एक शिवराई निघाली, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. मग दुसरी. मग तिसरी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ यातली दीड ओळ, दुसरीकडे ‘छत्र’ आणि खाली ‘पति’चा थोडासा भाग. काकांचे हात थरथरायला लागले. ‘हीच सुरुवात! हंडा जवळच हाय.’

त्यांना समजावताना मला वाईट वाटत होतं. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळात सुरू झाली हे खरं, पण पुढे पेशवाईभर ती ठिकठिकाणी पाडली जात राहिली, म्हणून दिसणारी प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. दुसरं म्हणजे ही नाणी जमिनीत नव्हती, भिंतीत होती. वाड्याची भिंत पांढरीच्या मातीची. जुनी वस्ती उठून गेली की तिची राखट, चिकट माती लोक बांधकामाला आणतात, आणि तिच्याबरोबर खापरं, बांगड्यांचे तुकडे, कुणाच्या हातून पडलेले पैसेही येतात. हे पैसे या घराने ठेवले नव्हते. दुसऱ्याच कुठल्या अंगणात कधीतरी सांडले होते.

काका बराच वेळ गप्प बसले.

दुपारी जेवणानंतर चार चौकोन राहिले होते, सगळे स्वयंपाकघराचे. तिसऱ्या नंबरचे काका म्हणाले, ‘ते सोडा. तिथं बायकांचं राज्य, तिथं कोण पुरतंय?’ जेसीबीवाला घड्याळ बघत होता. पण चौकोन सोडायची मला सवय नाही. केबलच्या कामात सोडलेल्या चौकोनातच माणूस मरतो.

ईशान्येच्या कोपऱ्यात आवाज आला. बारीक, स्वच्छ आणि रुंद. उत्तर-दक्षिण फिरवलं तरी तोच, पूर्व-पश्चिम फिरवलं तरी तोच. चकती वीतभर उचलली तरी तो गेला नाही. एका नाण्याचा आवाज असा नसतो.

मी जेसीबी बंद करायला लावला आणि खुरपं घेतलं. वर सारवणाचे थर होते, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. ते कुठेही तुटलेले नव्हते. म्हणजे कितीतरी वर्षं या जागेला कुणी हात लावला नव्हता. सारवण संपल्यावर खालच्या पिवळट जमिनीत एक गोल डाग दिसला, आत राखमिश्रित काळी माती. हा खड्डा होता. कुणीतरी खणून चुलीतल्या राखेने बुजवला होता आणि वरून सारवून टाकला होता. दर चार बोटांवर थांबून फोटो काढले. तरी हातभर खाली खुरप्याचं टोक भांड्याच्या काठाला लागलंच. तो ओरखडा अजून डोळ्यांसमोर आहे. तिथून पुढे बांबूची काडी आणि कुंचा वापरायला हवा होता.

तांब्याचा चंबू निघाला. वरची बाजू खाऊन चाळण झालेली, हिरव्या पापुद्र्यांनी भरलेली. तोंडाला बांधलेली चिंधी कुजून गेली होती, पण तांब्याच्या गंजात तिची वीण जशीच्या तशी उमटली होती. मला एक कोडं पडलं. चौकातली तांब्याची नाणी इतकी बरी, आणि हे भांडं असं का कुरतडलं?

आत रुपये होते. काकांनी लगेच चिंच मागवली, घासायला. मी हात धरला. घासलेल्या नाण्यावरचा काळाचा थर जातो, बारीक अक्षरंही जातात, आणि मग ते नुसती चांदी उरतं. पांढऱ्या कापडावर एकेक मांडून मोजले. व्हिक्टोरिया राणीचे चार, सातव्या एडवर्डचे पाच, पंचम जॉर्जचे एकवीस, सहाव्या जॉर्जचे सात. शिवाय नऊ पावल्या, म्हणजे पाव रुपये. पंचम जॉर्जच्या काहींवर तळच्या कमळाखाली बारीक ठिपका होता, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचे. सोनं नाही. पेशवाई नाही.

अशा ठेव्यात सगळ्यात जुनं नाणं बघायचं नसतं, सगळ्यात नवं बघायचं असतं. नवं नाणं पडायच्या आधी भांडं बुजवलेलं असूच शकत नाही. इथलं सगळ्यात नवं होतं १९४५ चं. आज्याच्या आज्याचा हंडा त्या क्षणी संपला. आणि कायद्यातही याला वजन आहे: गेल्या शंभर वर्षांत आपल्याच माणसाने पुरलं असं कुणी सांगत पुढे आला, तर त्याला ते दिवाणी न्यायालयात सिद्ध करायची संधी मिळते.

‘मग ठेवलं कुणी?’ धाकटे काका म्हणाले. ‘तवा आजोबा होते. आजोबांनी ठेवलं असतं तर बाबांना सांगितलं नसतं?’

तेवढ्यात आत्या काठी टेकत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. खड्ड्याकडे बघून म्हणाल्या, ‘उतरंडीखाली?’

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. मी विचारलं, ‘इथे उतरंड होती, आत्या?’

‘हितंच. खालच्या डेऱ्यात मीठ असायचं. आई कुणाला हात लावू द्यायची न्हाई. म्हणायची, मिठाचा डेरा हलवला की घरातली लक्ष्मी जाती.’

मीठ! वर्षानुवर्षं डेऱ्यातून पाझरलेला खारट ओलावा खाली मुरत गेला, आणि त्यानेच चंबूची वरची बाजू खाल्ली. माझं कोडं त्यांनी एका वाक्यात सोडवलं. त्यांना चंबूची अवस्था मी अजून दाखवलीही नव्हती.

त्यांनी एक रुपया मागितला. मी राणीछाप दिला. पलीकडे पडलेल्या जात्याच्या पाळूवर त्यांनी तो अलगद टाकला. खणकन वाजला. मग सहाव्या जॉर्जचा १९४३ चा टाकला. बद्द. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती, तो फरक त्यांच्या कानाला पुस्तक न वाचता ठाऊक होता.

‘तूप न्यायला वाईचा व्यापारी यायचा. आई एकेक रुपया हितं वाजवून घ्यायची. बद्द असला तर परत द्यायची. नंतर नंतर चांगले मिळंनात, मग बद्दच घेतले.’ सहाव्या जॉर्जचे सातच का, तेही कळलं.

त्यांची आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली, दोन दिवसांत. आत्या तेव्हा नऊ वर्षांच्या. सांगायला वेळच मिळाला नाही.

संध्याकाळी तलाठी आले. पंचनामा दिव्याच्या उजेडात झाला. माप, खोली, भांडं, नाण्यांची यादी. चौघे भाऊ एकाच बाजेवर बसले होते, ते सकाळपासून पहिल्यांदाच. आत्यांचा जबाब लिहिताना तलाठ्यांनी विचारलं, ‘ठेवणाऱ्याचं नाव?’ काकांनी आजोबांचं नाव सांगून ‘यांच्या पत्नी’ असं म्हटलं.

‘असं न्हाई,’ आत्या म्हणाल्या. ‘तिचं नाव लिव्हा.’ आणि आईचं माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं. चौघांपैकी एकालाही यातलं पहिलं नाव माहीत नव्हतं. तलाठ्यांनी दोन्ही लिहिली आणि वाचून दाखवली. आत्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा एकदा स्वतः वाचला, मग सही केली.