पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही, म्हणून लगेच मदरबोर्ड बदलू नका

प्रोसेसर नाहीतर रॅम बदलली आणि पीसी चालू होईना की आपल्याकडं "बोर्ड गेलं" हे निदान फार लवकर होतं आणि माणसाचे पैसे नाहक जातात, मला याचा मनापासून राग येतो म्हणून सविस्तर लिहितोय.

उद्यमनगरात मामाचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायचं. फाउंड्रीवाल्यांची कामं, सगळं कॅडवर, म्हणजे ड्रॉइंगं कॉम्प्युटरवरच. पीसीत प्रोसेसर रायझन ३ ३२००जी, बोर्ड बी४५०, मोठी असेंब्ली उघडली की सगळं हँग. मामानं रायझन ५ ५६०० मागवला, शॉपमधल्या पोरानं नीट बसवला, आणि स्क्रीन काळी ती काळीच. बघायला आलेला मेकॅनिक म्हणाला नवीन बोर्ड घ्या. मामाचा मला फोन, "बोर्ड गेलंय व्हय रं?"

मी म्हटलं, मामा जुना प्रोसेसर टाकून देऊ नका, मी येतो.

कारण बघा, बी४५० बोर्डं आली २०१८ ला आणि ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तोच, एएम४, त्यामुळं बसतो बरोबर, पण बोर्डातलं बायोस (पीसी चालू करणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर) जुनं असलं तर त्याला हा प्रोसेसर कळतच नाही. दुसरी गोष्ट तर कुणी सांगतच नाही, ३२००जी मधला जी म्हणजे आत ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये ते नाही, म्हणजे बायोस अपडेट केलं तरी बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून काहीच दिसणार नाही, वेगळं कार्ड लागतंच. (कार्ड घ्यायचं नसेल तर ५६००जी बघा.)

तर पहिलं काम, जुना प्रोसेसर परत बसवायचा. कूलर सरळ वर ओढायचा नाही, हळूहळू डावीकडं उजवीकडं फिरवून सैल करायचा मग उचलायचा. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि कूलर-प्रोसेसरमधली पेस्ट घट्ट धरून बसली असली तर लॉक असताना पण प्रोसेसर कूलरसकट उपटून येतो. जुना बसवला, डिस्प्ले आला. बोर्ड ठणठणीत!

मग बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर आणि रिव्हिजन बघून कंपनीच्या साइटवरनं बायोसची फाइल घेतली, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात टाकली. बाहेर पाऊस धो धो, लाइटचा काय भरवसा नाही, म्हणून शेजारच्या शॉपमधला यूपीएस आणल्याशिवाय मी अपडेटला हातच लावला नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली तर मात्र बोर्ड खरंच जाऊ शकतं.

ज्यांनी फक्त रॅम बदललीय त्यांनी आधी काड्या काढून परत दाबून बसवा, दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासनं दुसरा आणि चौथा स्लॉट. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतं, घाबरून मधेच बंद करू नका.

मामाकडं अपडेट झाल्यावर मग ५६०० बसवला, माझ्याकडचं एक कार्ड लावलं, केबल कार्डाला. चालू केल्यावर एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-किल्ल्यांच्या साठ्याचा) मेसेज आला, तो रिसेट करायला वाय दाबू का एन. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय वाय दाबू नका, नाहीतर सगळी ड्रॉइंगं आत अडकतील. मामाकडं बिटलॉकर नव्हतं, वाय दाबलं, विंडोज आलं, आणि मामानं पहिली उघडली ती पंप हाउसिंगची सगळ्यात जड फाइल.