सात महिन्यांचा वारकरी

आमची वारी लालबाग ते वडाळा. आळंदीहून निघालेले अडीचशे किलोमीटर चालतात, आम्ही पाचेक. त्यामुळे वारी म्हणताना जीभ जरा चाचरते. पण चाळीतल्या गिरणी कामगारांना पंढरपूरला जाऊन येण्याइतकी रजा कुठली? त्यांनी वडाळ्याच्या विठ्ठलालाच पंढरी मानलं.

पहाटे भारतमाता थिएटरपाशी जमलो. सात-आठ टाळ, एक मृदंग, डोक्यावर तुळस घेतलेल्या दोघी. परळ मागे टाकलं. हिंदमाता चौकात घोट्याएवढं पाणी होतं. आषाढीला हिंदमाता कोरडं दिसलं तर मलाच चुकल्यासारखं होईल. माझ्या बाजूने शेजारचे काका चालत होते. ऐंशी उलटलेत. बाबा आणि ते गिरणीत एकाच खात्यात, साच्यावर, म्हणजे मागावर.

मी दर वर्षीसारखं सांगायला लागलो. संपातली आषाढी. बाबा मला खांद्यावर घेऊन वडाळ्याला निघालेले, पाऊस, त्यांच्या ओल्या टोपीचा वास, आणि मी त्यांचे कान घट्ट धरलेले.

काका थांबले. "कुठला संप?"

"बेमुदत. दत्ता सामंतांचा."

"अरे बाळ्या, तो ब्याऐंशीचा. जानेवारीत सुरू झाला. तू कधीचा?"

डिसेंबर १९८१. म्हणजे त्या आषाढीला मी सात महिन्यांचा. चाळीस वर्षं हे सांगतोय, पण एवढी वजाबाकी कधी केली नव्हती. मी कारकून माणूस, दिवसभर लोकांच्या अर्जांवरच्या जन्मतारखा तपासतो.

"खांद्यावर तुझा दादा होता," काका म्हणाले. "तू घरी, आईच्या मांडीवर."

खोदादाद सर्कलपर्यंत मी बोललो नाही. टाळ वाजवत होतो, तोही चुकत. तुकोबा म्हणतात, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' तुकोबांचं मन तुकोबांचं होतं. माझ्या साक्षीदाराने तर मला न घडलेला वाससुद्धा शपथेवर सांगितला होता. आणि गंमत म्हणजे खोटं आहे हे कळल्यावरही तो वास जाईना. पाच उद्यानांच्या झाडांखाली पाऊस थांबला तरी ठिबकत होता, तिथे तर आणखीनच आला.

शिवाय काका तरी किती खरे? त्यांना काल औषध घेतलं की नाही हे आठवत नाही. ते एक, मी एक. बहुमत दादाच्या हाती.

कात्रक रोडला रांगेत लागलो. कुणीतरी राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला. दादाला फोन लावला. तो विरारला असतो, देवाधर्माचं त्याचं फारसं नाही.

"दादा, संपाच्या वर्षी बाबांच्या खांद्यावरून वडाळ्याला तू गेला होतास ना?"

"मी?" तो हसला. "मला तर काहीच आठवत नाही. ते टोपीचं, कानांचं... ते तूच सांगायचास ना रे मला? मी माळ्यावर झोपायचो, तू खालून बडबडत असायचास."

"मग मला कुणी सांगितलं?"

"बाबांनी असेल. की आईने? घरी ये, खिचडी खाऊ."

रांग हलली. मागच्या मावशींनी पाठीला हलकेच हात लावला. "चला माउली, पुढे व्हा." लाडू अजून हातातच होता.