उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी आणि नोकरीचा शोध

उपयोजित गणितात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांची पहिली अडचण अशी असते की, नोकरीच्या जाहिरातींत ‘गणितज्ञ’ हे पद क्वचितच आढळते. आपल्याला येणाऱ्या कामासाठी माणसे हवी असतात, परंतु जाहिरातीत त्यांना जोखीम विश्लेषक, सिम्युलेशन इंजिनीअर, डेटा सायंटिस्ट अशी नावे दिलेली असतात. म्हणून पदनामाऐवजी आपण शिकलेल्या पद्धतीच्या नावाने शोध घ्यावा, असे मी सल्ला विचारणाऱ्यांना सांगत आलो आहे.

एकच पद्धत किती दूरवर पोहोचलेली असते, हे अभ्यासक्रमात फारसे कळत नाही. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, मर्यादित साधनांत सर्वोत्तम पर्याय शोधणाऱ्या सिम्प्लेक्स पद्धतीपासून वाढलेले ऑप्टिमायझेशनचे शास्त्र आज विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरवण्यापासून मालवाहतुकीच्या नियोजनापर्यंत वापरले जाते. रुडॉल्फ काल्मन यांचा १९६० चा फिल्टर, म्हणजे सदोष मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अंदाज काढण्याची पद्धत, अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरला गेला आणि आता तो ड्रोनमध्येही असतो. ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काची) किंमत ठरवणारे १९७३ चे ब्लॅक-शोल्स समीकरण तर चल बदलले की उष्णतावहनाच्या समीकरणात रूपांतरित होते. त्यामुळे ज्याने अशी आंशिक विकलक समीकरणे (अनेक चलांनुसार होणारा बदल सांगणारी समीकरणे) मन लावून सोडवली आहेत, त्याला वित्तक्षेत्र वाटते तितके परके नसते. अर्थात तिथल्या मुलाखतीत विकलक समीकरणांपेक्षा संभाव्यतेवर अधिक भर असतो, याची तयारी ठेवलेली बरी. विमागणिताची, म्हणजे विम्यातील जोखीम आणि हप्ते मोजण्याच्या गणिताची, वाट निराळी आहे, कारण तिथे पदवीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व व्यावसायिक परीक्षांना असते.

माझ्या मते खरी उणीव गणिताची नसून संगणकावर ते चालवून पाहण्याची असते. उष्णतेचे समीकरण साध्या एक्सप्लिसिट पद्धतीने (पुढच्या क्षणाची मूल्ये थेट आधीच्या मूल्यांवरून काढून) सोडवताना जाळीतील बिंदूंमधले अंतर निम्मे केले, तर स्थैर्यासाठी, म्हणजे उत्तर भरकटू नये म्हणून, काळाची पायरी एक चतुर्थांश करावी लागते, हे पाठ असणारे बरेच भेटतात; परंतु त्यामुळे एका मितीतील गणनेचेही काम आठपट होते आणि म्हणून पुढच्या क्षणाची सर्व मूल्ये एकत्र सोडवणाऱ्या इम्प्लिसिट पद्धतीकडे वळावे लागते, हे स्वतःच्या पायथन किंवा सी++ प्रोग्रामवर अनुभवलेले थोडेच. नियोक्त्याला हवा असतो तो हा दुसऱ्या प्रकारचा उमेदवार. (प्रमेयांच्या सिद्धतांबद्दल मला मुलाखतीत कोणीही विचारले नाही, याची किंचित हळहळ अजून वाटते.)

पीएचडी केवळ नोकरी मिळत नाही म्हणून करू नये. संशोधन विभागात किंवा अध्यापनात जायचे असेल, तरच तिचा विचार करावा. अन्यथा प्रबंधातील एखादा प्रश्न निवडून त्याची गणना, त्रुटीचा अंदाज आणि लागलेला वेळ यांसह तो दोन पानांत असा लिहून काढावा की, गणित न शिकलेल्या व्यवस्थापकालाही उत्तर कशासाठी हवे होते आणि त्यावर कितपत विसंबता येईल, हे समजेल. अर्जासोबत ही दोन पाने जोडावीत.