दहा अँप्यूल

एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच लागले होते. कापूस वेचणीचे दिवस. दुपारी मालवाहू ऑटोतून आठव्या महिन्यातली एक पोर आणली. शेतातच तिला आकडी आली होती. सासू नाकाशी कांदा धरून बसलेली. "मिरगी होय सिस्टरबाई, कांदा हुंगवला की उतरते," म्हणाली. नवरा दातांत चमचा घालू पाहत होता. आधी तो चमचा काढून घेतला आणि तिला डाव्या कुशीवर वळवलं. पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. बीपी १७०/११०. मिरगी नव्हे, गरोदरपणात बीपी वाढून येणारी आकडी होती ही. सकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दोनच तास राहिले म्हणून ती वेचतच राहिली होती.

डॉक्टर मॅडम शिबिराला गेलेल्या, त्या फोनवर. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "मॅगसल्फ काढ. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम."

मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ही आकडी रोखणारं औषध. डोस मला तोंडपाठ होता. पण एका अँप्यूलमध्ये २ मिली, म्हणजे एकच ग्रॅम! दहा अँप्यूल फोडायच्या. नाव वाचायचं, मान मोडायची, सिरिंजमध्ये ओढायचं, पुढची घ्यायची. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. इथे दुसरी आकडी केव्हा येईल याचा नेम नव्हता, आणि घाईत काच हातात घुसली असती तर वेळ गेला असता तो वेगळाच. सुई खोल स्नायूत गेली तेव्हा ती कण्हली. ते कण्हणं ऐकून मला केवढा धीर आला!

१०८ आली. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मी सोबत गेले. हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवलं होतं, कारण मॅगसल्फ जास्त झालं तर श्वास मंदावतो आणि त्यावर उतारा तोच. वाटभर तिचे श्वास मोजत होते, मिनिटाला १६ च्या खाली येऊ नयेत म्हणून. मधूनच गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडतो का, ते बघायचे. वाटेत आकडी आली नाही. रात्री सिझर झालं. मुलगी, वजनाने कमी, पण रडली.

बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून ती घरी आल्यावर मी बीपीचं मशीन घेऊन गेले. पट्टा सोडत होते तोच सासूने आतून धाकट्या सुनेला हाक मारली. "सिस्टरबाई, इचेबी पाय सुजते. सहावा लागला. इचंबी पाहून घ्या न."

पट्टा तिच्या दंडाला बांधला.