एकास पंचवीस : डेट्रॉईटच्या मसल कारचं मॉडेल बांधताना

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. १९९५ पासून हा 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' भरतो आहे. बहुतेक लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून इंजिनांचे आवाज ऐकत बसतात. पण थोडी मंडळी गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखालचे फोटो काढत असतात, नाहीतर उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून कुठली वायर कुठून गेली ते टिपून घेत असतात. ही बहुधा मॉडेलवाली मंडळी. अमेरिकेत मोठ्या माणसांनी गांभीर्याने जपलेल्या, गाड्यांची छोटी मॉडेलं बांधण्याच्या या छंदाबद्दल घरच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो आहे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या दोनदारी गाडीत बसवलेलं मोठ्या गाडीचं व्ही-एट इंजिन. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने टेम्पेस्ट गाडीच्या खरेदीदारांना 'जीटीओ' हा पर्याय देऊन ३८९ घनइंचांचं इंजिन दिलं, आणि स्पर्धा पेटली. १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४ घ्या. एलएस-६ इंजिन मागितलं तर कागदावर ४५० अश्वशक्ती. इंजिन जवळजवळ ७.४ लिटरचं. पुढच्याच वर्षी कॉम्प्रेशन उतरलं, विम्याचे हप्ते आधीच चढलेले होते, आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं.

मॉडेलांचा धंदाही याच मातीतला. शोरूममध्ये गिऱ्हाइकांना दाखवायला नव्या गाड्यांच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृती लागत. त्या बनवणारी एएमटी कंपनी डेट्रॉईट परिसरातली. पुढे ती ट्रॉय गावात होती, जिथे आज ऑटो उद्योगात काम करणारी कितीतरी मराठी घरं आहेत. १९५८ पासून तिने स्वतः जोडायची किट विकायला काढली. एका खोक्यात तीन प्रकारे गाडी बांधता येईल इतके भाग असत, म्हणून 'थ्री इन वन'. आज एएमटी आणि एमपीसी ही किटची दोन्ही नावं राउंड टू या कंपनीकडे आहेत. रेव्हेलची किटही सगळीकडे मिळतात. साधारण ३० ते ४० डॉलरमध्ये चांगलं किट येतं.

प्रमाण बहुतेक वेळा एकास पंचवीस, काही किटांत एकास चोवीस. खरी शेव्हेल लांबीला सुमारे पाच मीटर, म्हणजे मॉडेल २० सेंटिमीटरचं. एवढा हिशेब खोक्यावरच असतो. पण पंचवीसने फक्त लांबी भागून चालत नाही. दाराची फट, रंगाचा थर, मेटॅलिक रंगातले कण, इंजिनातल्या स्पार्क प्लगची वायर, सगळंच भागावं लागतं. मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते इथेच कुठेतरी भागाकार राहून गेल्यामुळे.

खोकं उघडल्यावर बांधायची घाई करू नका. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकटपणा प्लास्टिकवर राहिलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश घेऊन सगळं धुवा, वाळू द्या. मग बॉडी उजेडासमोर तिरकी धरा. साचा अनेक तुकड्यांचा असतो. तुकडे जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेघ उठते. ती बहुधा पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर आणि छताच्या मागच्या खांबापासून डिकीच्या कडेकडे उतरताना सापडते. खऱ्या गाडीच्या पत्र्यावर अशी रेघ नसते. छंदाच्या चाकूच्या ११ नंबरच्या टोकदार पात्याची मागची, बोथट बाजू तिच्यावरून ओढून ती खरवडा, मग ६०० चा वॉटर पेपर सपाट पट्टीला चिकटवून पाण्यात घासा. नुसत्या बोटाने घासलं तर बोटाच्या आकाराचा खळगा पडतो. तो प्लास्टिकवर दिसत नाही, चकचकीत रंग चढल्यावर मात्र ठसठशीत दिसतो.

प्लास्टिक जिथे जाड असतं तिथे ते थंड होताना आत ओढलं जातं आणि खोलगट डाग पडतो. तिथे पुट्टी. नेहमीची पुट्टी वाळताना आकसते; आज घासून सपाट केलेली जागा आठवड्याने परत बसलेली सापडते. म्हणून पातळ थर द्या, निदान एक दिवस जाऊ द्या, मगच घासा. उथळ खड्ड्याला सुपरग्लू भरणं जास्त बरं. तो आकसत नाही, फक्त तासाभरात घासून घ्यावा, कारण पूर्ण कडक झाला की प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि आजूबाजूचंच आधी झिजतं.

आता फटी. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यात साधारण पाच मिलिमीटरची फट असते, म्हणजे मॉडेलवर ०.२ मिलिमीटर. किटमध्ये ती रुंदीला ठीक असली तरी उथळ असते आणि प्रायमर-रंगाचे चार हात बसले की बुजून जाते. रंगाआधी दार, डिकी यांच्या रेषांतून पात्याची पाठ हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. पहिले दोन फेरे जवळजवळ वजनाशिवाय, कारण पातं घसरतं ते पहिल्याच फेऱ्यात. एकदा चर धरली की हात मोकळा होतो.

रंगाचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. खऱ्या गाडीवर रंगाचा एकूण थर साधारण ०.१ मिलिमीटर असतो. तेवढाच थर मॉडेलवर बसला तर प्रमाणात तो अडीच मिलिमीटर जाड झाला. पत्र्यावर अडीच मिलिमीटर रंग! कडा गोल होतात, नावाची अक्षरं बुडतात. पंचवीसने भागलेला थर कोणाच्याच हातून बसत नाही, पण त्या दिशेने जायचं ते प्रत्येक हात पातळ ठेवून.

प्रायमर राखाडी किंवा पांढरा. लाल, पिवळा, केशरी असे रंग द्यायचे तर पांढराच, कारण हे रंग खालचं दाखवतात. किटचं प्लास्टिक स्वतः लाल असेल तर जास्त सावध राहा: त्यातला रंग वरच्या थरांत झिरपतो आणि पांढरी गाडी काही दिवसांत गुलाबी होते. आधी चंदेरी रंगाचा एक हात देऊन तो अडवतात.

स्प्रे कॅन वापरत असाल तर तो सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाचेक मिनिटं उभा ठेवा. कधीही शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात नाही. दाब वाढतो, थेंब बारीक होतात. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करा आणि पलीकडे बाहेरच सोडा; बॉडीवर थांबलात की तिथे ओघळ आलाच. पहिला हात नुसता धूसर, खालचा प्रायमर दिसत राहील इतका. दहा मिनिटांनी दुसरा तसाच. तिसरा जरा ओला, पृष्ठभाग सलग चमकेपर्यंत, आणि तिथेच हात थांबवायचा. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचा नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि भांड्याच्या कडेवरून सरकन ओघळेल इतका पातळ रंग.

कोकण-मुंबईच्या वाचकांनी पावसाळ्यात लॅकरचे, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाचे, चकचकीत हात देऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. थिनरमध्ये वाळणं लांबवणारं रिटार्डर घातल्याने थोडा आवर बसतो, पण खरा उपाय कोरडा दिवस. जून ते सप्टेंबर जोडणी आणि इंजिन करा, बॉडी दिवाळीनंतर रंगवा. मिशिगनमध्ये अडचण उलटी: हिवाळ्यात हवा कोरडी, पण गॅरेज गोठलेलं, म्हणून लोक तळघरात रंगवतात. तिथे भट्टी आणि गीझरची ज्योत असते आणि थिनरची वाफ पेट घेते. बाहेर हवा फेकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफेच्या फिल्टरचा मास्क, याशिवाय घरात फवारा मारू नये. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

रंग वाळला की नाही ते नाकाने कळतं. बॉडीला नाक लावून वास आला तर अजून थांबा. लॅकर दोन-तीन दिवसांत तयार होतो, इनॅमल दोन-तीन आठवडेही घेतो. मग ४००० पासून १२००० पर्यंतची पॉलिशिंग कापडं, पाणी लावून, एकाच दिशेने. कडांपासून दूर राहा. दाराच्या घडीवर आणि मडगार्डच्या धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, दोन घासांत प्रायमर वर येतो. मेटॅलिक रंग तर घासायचाच नाही, कण फाटून डाग दिसतात. घासायचा फक्त वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. कार पेंटच्या दुकानातल्या मेटॅलिकचे कण खऱ्या गाडीसाठी असतात. ते मॉडेलवर आले की वाळूचे खडे वाटतात, म्हणून मॉडेलसाठीचा बारीक कणांचा रंगच घ्यावा.

बॉनेटवरचे रुंद पट्टे डिकॅलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पट्टीने) द्यायचे तर ते चकचकीत थरावर लावा. मॅट पृष्ठभागावर खाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. मऊ करणारं द्रावण लावल्यावर डिकॅल सुरकुततं. घाबरू नका आणि हात लावू नका, ते आपोआप बसतं. त्यावर क्लिअर देताना पहिले दोन हात अगदी कोरडे. ओला लॅकर डिकॅल खातो.

खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्यांनी मॉडेल उजळतं किंवा बिघडतं. चंदेरी रंगाने त्या कधीच नीट होत नाहीत. बेअर-मेटल फॉइल नावाचा चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा कागद मिळतो. पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापायचा, पात्याच्या टोकाने उचलून ठेवायचा, टूथपिकच्या बोथट टोकाने कडेत दाबायचा आणि इअरबडने घासून सुरकुत्या घालवायच्या. मग कोरं पातं कडेला टेकवून एकाच ओघात ओढायचं, फॉइल कापेल पण रंग कापणार नाही इतक्या दाबाने. पातं जरा बोथट झालं की फॉइल कापलं न जाता फाटतं. एका गाडीला तीन-चार पाती सहज लागतात, त्यात काटकसर करू नये. मडगार्डवरच्या नावाच्या अक्षरांसाठी उलटा क्रम: रंगाआधीच अक्षरांवर फॉइल दाबून बसवायचं, त्यावरून रंग द्यायचा, आणि तो वाळला की अक्षरांच्या फक्त माथ्यावरून थिनरने किंचित ओलावलेली इअरबड फिरवायची. माथ्यावरचा रंग निघतो, खालून धातू वर येतो.

बंपर किटमध्ये क्रोम चढवूनच येतात. गोंद त्या क्रोमलाच चिकटतो, प्लास्टिकला नाही, म्हणून जोडाच्या जागी क्रोम खरवडावा लागतो. मुलामा खराब असेल तर बंपर घरगुती ब्लीचमध्ये बुडवा, ॲल्युमिनियमचा पातळ थर निघून जातो.

इंजिनाच्या रंगात कंपनीनिहाय फरक आहेत आणि जाणकार आधी तिथेच बघतो. शेव्हर्लेचं इंजिन केशरी, पॉन्टिअ‍ॅकचं फिकं निळं, फोर्डचं १९६६ पासून गडद निळं. शेव्हेलच्या बॉनेटखालची मागची भिंत अर्धचकाकीच्या काळ्या रंगाची असते, गाडी कुठल्याही रंगाची असो. डॉज-प्लिमथमध्ये तीच भिंत बॉडीच्या रंगाची. किटच्या कागदावर हे नेहमी बरोबर छापलेलं असतं असं नाही, म्हणून ते वुडवर्डवरचे फोटो.

वायरी. त्या काळची प्लगची वायर साधारण सात मिलिमीटर जाड, पंचवीसने भागून ०.२८. ०.३ मिलिमीटरची तार बरोबर बसते; ०.५ ची लावली की इंजिनात पाइप घातल्यासारखं दिसतं. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर आठ वायरी कडेने आणि नववी मधून कॉइलकडे. शेव्हर्लेचा ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, घड्याळाच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसरीकडे २, ४, ६, ८. इतक्या बारीक गोष्टीत क्रम पाळला तर वायरींचा गुंता आपोआप खऱ्यासारखा पडतो.

काचा सुपरग्लूने लावू नका, त्याच्या वाफेने धुकटतात. पांढरा फेविकॉलसारखा गोंद पुरतो आणि जास्तीचा ओल्या बोळ्याने पुसता येतो. जुन्या किटांतले व्हिनाइलचे टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या चाकाला टेकून राहिले तर ते चाक वितळवतात. मध्ये फॉइलचा वेढा द्या.

भारतात येणाऱ्या कोणाकडून किट मागवत असाल तर किट बॅगेत खुशाल येतं; डिकॅलचा कागद पुठ्ठ्यात सपाट ठेवायला सांगा. पाती चेक-इन बॅगेत. स्प्रे कॅन, थिनर आणि पातळ प्लास्टिक सिमेंट विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते भारतातच घ्यावे लागतात. गावातल्या ऑटो पेंटच्या दुकानात रंग मिसळून मिळतो, पण त्यासोबतचा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर उघडं प्लास्टिक खातो. आधी प्रायमरचे दोन पूर्ण हात, मग रंगाचे पहिले हात धूसर, आणि सगळ्यात आधी किटच्या सांगाड्याच्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा.