तो विनोद तुमच्यावर थोडाच असतो?

मी ट्रान्स स्त्री आहे. पुण्यात एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. ओळख वाढली, जरा मोकळेपणा आला की हा प्रश्न हमखास येतो: "अहो, ते जोक सिग्नलवरच्यांवर असतात. तुम्ही शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. तुम्हाला कशाला लागतात?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा वाईट काही नसतं, म्हणून नीट सांगते.

आमच्या घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आयपीएल सुरू झाली, कुणी षटकार मारला, की टाळी वाजवणाऱ्या हिजड्याचा फोटो येऊन पडतो. खाली हसण्याचे इमोजी. त्यांच्यावर बोट दाबलं की नावं दिसतात. धाकटे काका, मामेभाऊ, वहिनी, आत्या. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं तेव्हा ती नावं एकेक करून वाचायचे. यातल्या कुणाला सांगता येईल आणि कुणाला कधीच नाही, ते मी त्यावरून ठरवत होते. आत्याने मला पोटच्या लेकरासारखं वाढवलं. तिचं नाव तिथे दिसलं आणि तिला सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. तिचा माझ्यावर काही रोख नव्हता, तिला माहीतच नव्हतं. पण आपल्याच घरातलं कुणीतरी हे गप्प बसून वाचत असेल, हे त्या ग्रुपमध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या एका विनोदाची मला जास्त भीती वाटते. पोरगा पोरगी पटवतो, मग कळतं की ती 'तशी' आहे, मग तो पळत सुटतो नाहीतर तिला बदडतो. यात बाई फसवी ठरते आणि तिला मार बसला तर तो रास्त ठरतो. भाड्याची खोली बघायला गेले की घरमालकाच्या नजरेत हाच संशय असतो. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झालेल्या 2019 च्या कायद्याने आमच्या शाब्दिक आणि मानसिक छळाला सहा महिने ते दोन वर्षांची कैद सांगितली. पण तक्रार लिहून घेणाऱ्यानेही याच विनोदाचं रील पाहिलेलं असतं.

आणि सिग्नलवरच्या मला परक्या कशा? घराने हाकललेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, कुणी कामावर न ठेवलेल्या. मंगती करतात, म्हणजे टाळी वाजवून पैसे मागतात, त्या माझ्याच बहिणी. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, तेव्हा कुठे पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय आला. अर्ज भरता यावा एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली! त्या बातमीवर लोक लिहीत होते, 'आता टाळ्या वाजवून चोर पकडणार.' पहाटे मैदानावर धावायचा सराव करणारी पोरगी अर्जाची तारीख शोधायला तीच बातमी उघडते. ती मंगती करते तेव्हा हसायचं, आणि नोकरीला निघाली तरी हसायचं. मग तिने करावं तरी काय?

आमच्या ग्रुपवर एकदा मावसभावाने लिहिलं, "काका, हा फोटो काढा. बरं नाही वाटत." एवढंच. काका चिडले, ग्रुप काही दिवस थंड पडला. माझ्याबद्दल त्याला तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं. घरात मी सगळ्यात आधी सांगितलं ते त्यालाच, आणि आत्याकडे जाताना सोबत नेलं तेही त्यालाच.